रेघ हलता कामा नये

"ह्याला जरा अंडरलाइन मारा," असं कुणी म्हटलं की माझी बोटं कीबोर्डवरून उठतात. मारा म्हणे! डास मारावा, शिक्का मारावा, तशी अंडरलाइन मारायची. सांगलीत कोर्टाच्या मागच्या बोळात माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे आणि गेली कित्येक वर्षं मी दिवसभर लोकांच्या शब्दांखाली रेघा ओढते आहे. हलवायाला गोडाचा वीट येतो म्हणतात. मला आलाय तो नुसता वीट नव्हे, चक्क किळस आहे, आणि ती का आली ते सांगायला मी बसले आहे.

तसे रेघेचे प्रकार पुष्कळ. तक्रार अर्ज घेऊन येणारा माणूस आधी एका वाक्याखाली रेघ मागतो. मग म्हणतो, हे पण महत्त्वाचं आहे. मग त्याच्या पुढचं पण. शेवटी अख्खं पान रेघांनी भरतं आणि साहेबाला त्यातलं काहीच महत्त्वाचं वाटत नाही. वकिलांना दुहेरी रेघ लागते. शाळेतल्या एका बाईंना शब्दांखाली हवी असते पण मधल्या मोकळ्या जागेखाली नको असते. मशीनमध्ये त्याचीही सोय आहे, कंट्रोल, शिफ्ट आणि डब्ल्यू. एक गृहस्थ घरून फाइल घेऊन आले. त्यांनी तीन डॅश देऊन एंटर मारला होता, तर पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटली आणि काही केल्या पुसली जाईना. मला म्हणाले, "बाई, ह्याला रबर कुठलं लागतं?"

आणि ती लाल नागमोडी रेघ! मशीनला मराठी येत नाही, म्हणून ते बहुतेक प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल वळवळ काढून ठेवतं. लोक बघून घाबरतात. "ताई, हे लाल गांडूळ छापून येणार न्हाई नव्हं?" असं विचारतात. एका पुढाऱ्याच्या माणसाला मात्र ते आवडलं होतं. "ऱ्हाऊ द्या की, शोभतंय," म्हणाला. त्याला मी हाकलून दिला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मी टायपिंग शिकले साताऱ्यात, मामाकडे राहून. राजवाड्याच्या बाजूला एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. खोलीत रांगेनं जुनी मशिनं, आणि सगळी एकदम वाजायला लागली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. त्या मशीनवर शब्दाखाली रेघ काढायची तर आधी शब्द टाइप करायचा, मग कागदाचा गाडा हातानं मागे आणायचा, शिफ्ट दाबायची आणि एकेक अक्षराखाली एकेक तुकडा ठोकायचा. सर रेघेबद्दल अवाक्षर बोलायचे नाहीत, पण बोटं दुखायची, त्यामुळे उगाच कुणी रेघ काढत नसे. आता कंट्रोल आणि यू दाबलं की झालं. फुकट मिळालेल्या वस्तूचं माणूस काय करतो ते बघायचं असेल तर माझ्या दुकानात एक दिवस येऊन बसा.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. इस्लामपूरच्या अलीकडे आमचं गाव, तिथलं मोठं प्रस्थ. तरुणपणी ते कोयनानगरला धरणाच्या हापिसात होते आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांचा एक लाकडी रूळ होता आणि त्या रुळानं महत्त्वाच्या ओळीखाली लाल शाईची रेघ ओढायची हे त्यांचं नोकरीतलं मोठं कर्तब. "भूकंपाचा धक्का बसला, टेबल हाललं, कपाट हाललं, पर माजी रेघ हालली न्हाई," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं आहे की कोयनेला धरण बांधलंच मुळी आबांची रेघ तपासायला, असं मला वाटायचं.

माझे वडील मिरजेच्या दवाखान्यात किडनीच्या आजारानं गेले. मी तेव्हा साताऱ्यात शिकत होते आणि धाकटी बहीण अजून फ्रॉक घालत होती. वडील गेल्यावर रीतीप्रमाणे आबा आमचे कर्ते झाले. कर्ते म्हणजे काय, तर सल्ला त्यांचा आणि कष्ट आईचे. आई सांगलीत हळदीच्या वखारीत निवडायच्या कामाला लागली. दिवसभर हळकुंडं निवडायची, गोल गाठी वेगळ्या, लांब बोटं वेगळी. तिच्या नखांच्या कडा आणि तळहाताच्या रेषा कायमच्या पिवळ्या झाल्या. त्या हळदीवर धाकटी शिकली, लॅबमधला कोर्स केला आणि साताऱ्यात नोकरीला लागली.

आई आबांशी कधी समोरासमोर बोलली नाही. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही, पदर घ्यायचा आणि आडोशाला उभं राहायचं, ही आमच्याकडची जुनी चाल. आबाही तिच्याशी बोलत नसत. काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून म्हणायचे, "कुणीतरी सांगा तिला." आणि ती शेजारीच उभी असायची.

एवढी पार्श्वभूमी कळली म्हणजे पुढचं कळेल. मध्यंतरी आमच्या भागात गावोगाव ग्रामसभेत ठराव व्हायला लागले, विधवा प्रथा बंद करायच्या म्हणून. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, शुभकार्यात मान द्यायचा. चांगली गोष्ट. आमच्या गावानंही ठराव केला आणि तो मांडला आबांनी. तो टाइप करायला ते माझ्या दुकानात आले. खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसले. "विधवांना सर्व शुभकार्यांत सन्मानाने सहभागी करून घेण्यात यावे," या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्याला अंडरलाइन मार पोरी. सादी नगं, डबल मार." मी डबल मारली. मला तेव्हा आबांचा अभिमान वाटला होता, हे सांगायला आज लाज वाटते आहे. ठराव झाला, पेपरात फोटो आला, आबांनी तो लॅमिनेट करून ओट्यावर लावला.

आणि मग धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा फलटणचा, माणसं साधी. पत्रिका माझ्याच दुकानात करायची हे ओघानंच आलं.

आमच्याकडे पत्रिका म्हणजे आमंत्रण कमी आणि मानपान जास्त. लग्न कुठे, किती वाजता, हे कुणी वाचत नाही. आपलं नाव कुठे आहे, कुणाच्या वर आहे, कुणाच्या खाली आहे, हे आधी शोधतात. आबा आराखडा मनात पक्का करूनच आले होते. वर देवांची नावं. मग कै. वडिलांचं नाव, त्यांची कन्या म्हणून. त्याखाली लाल रेघ. मेलेल्या माणसाला मान द्यायला कुणाचीच हरकत नसते. मग पाहुणे, पुढारी, चुलते, भाऊबंद, एकाखाली एक, प्रत्येकाच्या नावाखाली बारीक रेघ. सगळ्यांत शेवटी निमंत्रक म्हणून आबांचं नाव, ठळक, आणि त्याखाली जाड, लाल, दुहेरी रेघ.

"आणि आई?" मी विचारलं.

आबांनी ऐकलंच नाही असं केलं. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "आगं, शुभकार्याची पत्रिका हाय. तिचं नाव कशाला? वर तुज्या बापाचं हाय की."

मला काय वाटलं ते सांगते. जेवताना घासात पाल निघाली तर जसं वाटेल तसं वाटलं. ठराव आठवला, डबल अंडरलाइन आठवली, ओट्यावरचा लॅमिनेट केलेला फोटो आठवला. मी म्हटलं, "आबा, तुम्हीच ठराव मांडला होता." तर शांतपणे म्हणाले, "त्यो गावासाठी हुता."

घरी आले तर आई भांडी घासत होती. तिला मी हे काही सांगितलं नव्हतं. तिनंच विचारलं, माझ्याकडे न बघता. "पत्रिकेत माजं नाव कुटं बसतंय का गं? बसत नसलं तर ऱ्हाऊ दे. आपलं इचारलं." वडील गेल्यापासून आईनं मला काही मागितलेलं आठवत नाही. लुगडं मागितलं नाही, चष्मा मागितला नाही. डोळ्याला अंधारी यायला लागली तेव्हा मीच तिला ओढत नेलं. तिनं मागितलं ते हे. पोरीच्या लग्नाच्या कागदावर आपलं नाव.

धाकटीनं साताऱ्याहून फोनवर आबांना सांगितलं, आईचं नाव नसेल तर मी पत्रिका वाटणार नाही. नोकरी करणारी मुलगी, फलटणकरांना फोन करील ही आबांना भीती. दोन दिवस धुसफूस झाली, काकीनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, मध्यस्थी केली, आणि शेवटी आबा माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "घाल तिचं नाव. पर माज्या नावाच्या खाली. बारीक अक्षरात. आन् रेघ नगं." मी घातलं. बारीक, काळं, श्रीमती लावून, आबांच्या दुहेरी रेघेच्या खाली. मशीननं तिच्या नावाखालीही आपली लाल नागमोडी काढली, आबांच्या नावाखाली काढली होती तशीच. आमच्या खानदानात सगळ्यांना सारखं वागवणारं तेवढं एकच निघालं.

मग रेघेचा घोळ सुरू झाला. आबांच्या नावात खाली वळणारा उकार आहे. आपल्या अक्षरांना डोक्यावर आधीच एक रेघ असते आणि मशीनची खालची रेघ अक्षराच्या अगदी पायाशी येते, त्यामुळे ती उकाराला मधोमध कापत जाते. आबांनी नमुना पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. "माज्या नावावर काट मारलीस व्हय? लग्नाच्या पत्रिकेत?" मी समजावलं, मशीनच तसं आहे. म्हणाले, "मशीन गेलं खड्ड्यात. रेघ खाली घे."

म्हणून मी सगळ्या अंडरलाइनी काढल्या आणि रेघा वेगळ्या आखल्या. मशीनमध्ये आकार काढायची सोय असते, चौकोन, बाण, गोल. त्यातली सरळ रेघ घ्यायची आणि नावाखाली हवी तिथे नेऊन ठेवायची. ती रेघ शब्दाला चिकटलेली नसते, तिचं तिचं वेगळं बिऱ्हाड असतं. काम किचकट. एक ओळ इकडची तिकडे केली की रेघा उड्या मारतात. आबा शेजारी बसून चुकचुकत होते. "ह्या का पळत्यात? कोयनेला भूकंपात पळली न्हाई माजी रेघ. ह्यास्नी बांधून टाक. नाव हाललं तर हालू दे, रेघ हालता कामा न्हाई." मी म्हटलं, ठीक आहे. प्रत्येक रेघ पानाला पक्की करून टाकली. आता शब्द कुठेही गेले तरी रेघा जागच्या हलणार नव्हत्या. आबा खूश झाले. फाइल पेनड्राइव्हमध्ये मागून घेतली, कारण छपाई त्यांच्या ओळखीच्या प्रेसमध्ये, इस्लामपूरला करायची होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आबांचं मळ्यातल्या काकांशी वाजलं. मळ्यातले काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, विहीर दोघांत सामाईक. मोटारीच्या पाळीवरून बांधावर शिव्यागाळी झाली, आणि आबा तसेच गाडीवर बसून प्रेसमध्ये गेले. पत्रिकेत मळ्यातल्या काकांचं नाव यादीच्या मधोमध होतं. आबांनी तिथल्या ऑपरेटरला सांगितलं, एवढं एक नाव उडव. त्यानं उडवलं. नाव गेलं, तशी खालची नावं एकेक ओळ वर सरकली. रेघा मात्र जिथल्या तिथे. त्यांना हलायची परवानगी नव्हती.

आबांनी नमुना बघितला. कशासाठी, तर शत्रूचं नाव गेलं का ते बघायला. गेलं होतं. मग त्यांनी विचारलं, "रेघा हायत नव्हं सगळ्या?" ऑपरेटर म्हणाला, "हायत की." आणि तो खोटं बोलला नाही. रेघा तेवढ्याच होत्या. आधी आई सोडून सगळ्यांना रेघ होती. एक नाव उडाल्यावर नावं आणि रेघा बरोबरीच्या झाल्या. एकही रेघ रिकामी नव्हती, एकही नाव बिनरेघेचं नव्हतं. आबा समाधानानं चहा पिऊन निघाले. हे सगळं मला नंतर काकीनं सांगितलं.

पत्रिका छापून आल्या. पहिली ग्रामदैवतापुढे ठेवली, दुसरा गठ्ठा फलटणला गेला, पुढाऱ्यांच्या पत्रिका आबांनी स्वतः नेऊन दिल्या. आमच्या वाट्याचे गठ्ठे घरी आले आणि धाकटीनं वरची पत्रिका उघडली. तिनं ती वाचली आणि नुसती माझ्याकडे दिली. आबांचं ठळक नाव एका बारीक रेघेवर उभं होतं. आणि शेवटी, आईच्या बारीक नावाखाली, जाड, लाल, दुहेरी रेघ. नाव लहान आणि रेघ लांब, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, थोरल्या भावाचा सदरा धाकट्यानं घालावा तशी. पण होती तिच्या खाली.

आईला वाचता येतं, पण सावकाश. तिनं चष्मा लावला आणि बोट फिरवत खाली आली. नावावर थांबली. मग बोट रेघेवरून एकदा डावीकडून उजवीकडे नेलं. "एवढी कशाला काडलीस गं," म्हणाली. मी म्हटलं, मी नाही काढली. तर हसली. मी तिला असं हसताना फार दिवसांनी पाहिलं. तोंडावर पदर न घेता हसली.

दुसऱ्या दिवशी आबा आले. त्यांना पुढाऱ्याच्या घरी कुणीतरी चेष्टेनं विचारलं होतं, "निमंत्रक कोण, तुमी का तुमची भावजय?" आबांचा आवाज चढला नाही. कधीच चढत नाही. ते आमच्या सोप्यात बसले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "गेल्या त्या गेल्या. ह्या ऱ्हायलेल्या पत्रिकांवरची तेवढी रेघ पुसून टाका म्हणावं. व्हाइटनर आणलाय." खिशातून व्हाइटनरची बाटली काढून त्यांनी फरशीवर ठेवली. "कुणीतरी सांगा तिला. तिलाच बसू दे म्हणावं, रिकामीच हाय."

मी उठले. तोंडाला येईल ते बोलणार होते आणि काही बोललेही. आईनं माझा दंड धरला. "तुज्या भणीचं लगीन हाय. गप बस," म्हणाली. आणि आडोशातून पुढे येऊन तिनं ती बाटली उचलली.

ती दुपार मला आठवली की अजून तोंडात कडू येतं. आई भिंतीला टेकून बसली. मांडीवर पाट, पाटावर पत्रिका. बाटलीच्या झाकणातला ब्रश काढून ती आपल्याच नावाखालची रेघ पुसत होती. हळकुंडं निवडावीत तशी मन लावून. पुसलेली पत्रिका वाळायला एका बाजूला, पुढची मांडीवर. पत्रिकेचा कागद पिवळसर, त्यावर तो पांढरा पट्टा कोडाच्या डागासारखा उठून दिसे. त्यातून खालची लाल शाई वर यायची आणि पट्टा गुलाबी व्हायचा, मग आई त्यावर दुसरा हात द्यायची. तिची पिवळी बोटं पांढरी झाली. धाकटी तोंड फिरवून खिडकीत उभी राहिली. आबा तिथेच बसून पान खात होते आणि कुठली राहिली का ते बघत होते. मला त्यांच्या पानाच्या वासाची तेव्हा जी शिसारी बसली ती कायमची.

व्हायचं ते झालंच. गावात ज्याच्या हाती पत्रिका पडली त्यानं आधी तो पांढरा पट्टा नखानं खरवडला. आत काय होतं ते सगळ्यांना कळलं. नुसती रेघ राहिली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

लग्न पार पडलं. हळदीला आई मागे उभी राहिली. शेजारणीनं ओढून पुढे आणलं तर म्हणाली, "मी रोजच लावती की," आणि हात दाखवून हसण्यावारी नेलं. कन्यादानाला आबा आणि काकी बसले. इथवर मी दात आवळून होते. फलटणकरांकडे मात्र न पुसलेल्या पत्रिका गेल्या होत्या. भेटीच्या वेळी आबा फेटा बांधून पुढे उभे, आणि मुलाची आई ओटीचं ताट घेऊन त्यांना ओलांडून सरळ मागे आली. आईला शोधत. "निमंत्रक तुमीच नव्हं? पत्रिकेत वाचलं की. लय बरं वाटलं मला," म्हणाली आणि कुंकवाचं बोट तिनं आईच्या कपाळाकडे नेलं. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. जशी रेघ दिसली तसा मान द्यायला ती आली होती. आईनं कपाळ पुढे केलं होतं. मी बघितलंय, केलं होतं.

आबा मागून मोठ्यानं म्हणाले, "आवं विहीणबाई, ती छपाईची चूक हाय. मनावर घिऊ नका." हॉलमध्ये लोक हसले. हसण्यासारखं काय होतं? मुलाच्या आईचा हात तसाच राहिला. आईनं मान खाली घातली आणि दोन पावलं मागे सरली, आपल्या जागी.

लग्नानंतर आई पहिल्यासारखी वखारीत जात राहिली. पण तिनं कुठे नाव टाकायचं बंद केलं. भिशीत, भजनी मंडळात, कुठेच. "कशाला, चूक हुती," म्हणायची. हे ती चेष्टेनं म्हणते की खरंच, ते मला कळेना, आणि विचारायचं धाडस होईना.

काही महिन्यांनी आबा पुन्हा माझ्या दुकानात उगवले. जसं काही घडलंच नव्हतं. गावाच्या ठरावाचा वाढदिवस करायचा होता, 'विधवा सन्मान आणि हळदीकुंकू सोहळा'. पुढारी येणार, पेपरवाले येणार. खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसले, तोच पानाचा वास. पत्रक सांगायला लागले. अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव. आणि सत्कारमूर्ती म्हणून, सगळ्यांत वर, आईचं. "मोट्या अक्षरात घाल. आन् त्याला जाड, लाल, डबल अंडरलाइन मार. माज्यापेक्षा जाड मार, काय हरकत न्हाई. घरापासनं सुरुवात केली असं दिसाय पायजे."

मला खरोखर ओकारी आली. तरी मी टाइप केलं, कारण मला बघायचं होतं हा माणूस कुठवर जातो. रेघ वेगळी आखली, खाली घेतली, आणि सवयीप्रमाणे पानाला पक्की केली.

तेवढ्यात आई आली. वखारीतून सुटली की ती दुकानात येते आणि आम्ही बरोबर घरी जातो. आबांना बघून तिनं पदर घेतला आणि झेरॉक्स मशीनच्या आडोशाला उभी राहिली. आबा पडद्याकडे बघत म्हणाले, "सांग तिला, तिचं नाव वर घेतलंय. जाड रेघ दिलीय. आता तरी समाधान झालं म्हणावं."

आई आडोशातून बाहेर आली. माझ्या खुर्चीमागे उभी राहून तिनं पडद्यावरचं आपलं नाव वाचलं, सावकाश, बोट न लावता. मग आबांकडे वळली. मी जन्मल्यापासून तिला त्यांच्याकडे तोंड करून बोलताना ऐकलं नव्हतं.

"आवं आबा," ती म्हणाली, "रेघ ऱ्हाऊ द्या. तुमची हाय ती. नाव तेवढं काडा."

आबांनी भिंत शोधली, पण माझ्या दुकानात तिन्ही बाजूंना कपाटं आहेत. "आगं पर लोक काय म्हंतील? रिकामी रेघ?" ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलले.

"कुणी इचारलं तर सांगा की," आई म्हणाली, "छपाईची चूक हाय."

मी आईचं नाव निवडलं आणि डिलीट दाबलं. नाव गेलं. जाड, लाल, दुहेरी रेघ पानावर तशीच राहिली, रिकामी, आबांच्या नावाच्या वर. मी प्रिंट काढून आबांच्या हातात दिली, आणि आम्ही दोघींनी शटर ओढलं.